काळी एकमधलं शहर

[दृश्य: बर्मिंगहॅम, ब्रॉड स्ट्रीट. कालव्यावरचा पूल. रिमझिम पाऊस. अजून दुकानं उघडलेली नाहीत.]

या पुलावर एक बाक आहे. धातूचा. त्याच्या पाठीवर ब्लॅक सॅबथ या रॉक बँडमधले चार चेहरे: बास वाजवणारा गीझर, गायक ऑझी ऑझबॉर्न, गिटारवाला टोनी आणि ढोलवाला बिल. सोबत अक्षरं, मेड इन बर्मिंगहॅम, 1968. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या मालावर मारतात ना, अगदी तसा शिक्का.

2019 मध्ये हा बाक इथे आला आणि पुलाला ब्लॅक सॅबथचं नाव मिळालं. म्हणजे बँड जमल्यावर तब्बल 51 वर्षांनी. तोवर शहरानं या चार पोरांचं फारसं कौतुक केलं नव्हतं. त्यांची आठवण ठेवली होती ती लोकांनी. पहिली रेकॉर्ड घेतली तेव्हा शाळेत असलेली, आता सत्तरीला टेकलेली माणसं. पांढऱ्या केसांची शेपटी, ठिगळ-बिल्ले लावलेलं बिनबाह्यांचं डेनिम, गुडघेदुखीमुळे हातात काठी. ती इथे येतात, बाकावर बसतात, फोटो काढतात. आणि बोलायला लागली की गाण्यांआधी ॲस्टनबद्दल बोलतात.

[दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. विटांच्या चाळी, धुराडी, बॉम्बनं पडलेली मोकळी जागा.]

ॲस्टन. बर्मिंगहॅममधली कारखान्यांची वस्ती. चौघेही इथलेच. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बफेकीनं पडलेल्या घरांच्या ढिगाऱ्यांवर खेळत मोठे झालेले. चौकात एकीकडे सॉसचा कारखाना, दुसरीकडे बिअरची भट्टी. हवेला व्हिनेगर आणि माल्टचा आंबूस वास. भट्टी 1981 मध्ये बंद पडली, सॉसचं उत्पादन 2007 मध्ये नेदरलँड्सला गेलं. वास गेला.

या वस्तीत मुलगा मोठा झाला की कारखान्यात जायचा. प्रश्न एवढाच असायचा की कुठल्या. ऑझीचे वडील टूलमेकर, म्हणजे कारखान्याची अवजारं घडवणारे, कायम रात्रपाळीला. आई मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या लुकास कंपनीत. पोरालाही तिथेच चिकटवलं. काम काय, तर गाड्यांचे हॉर्न ट्यून करायचे. दिवसभर, एकामागून एक. तो तिथे टिकला नाही. मग खाटिकखाना, मग घरफोडी, मग दंड भरायला पैसे नाहीत म्हणून काही आठवडे तुरुंग. वडिलांनी मुद्दाम दंड भरला नाही.

सॅबथवरच्या प्रत्येक कार्यक्रमात एक वाक्य हटकून येतं: कारखान्यांच्या हातोड्यांचा ठेका या संगीतात उतरला. ऐकायला छान आहे. पण मला ते जरा सोयीचं वाटतं. हातोडे शेफील्डमध्येही होते, ग्लासगोमध्येही होते. सॅबथच्या आवाजात कारखाना शिरला तो कानातून नाही. बोटांतून शिरला.

[दृश्य: पत्रा कापणारं, दाबणारं यंत्र. फक्त यंत्राचा आवाज. मग शांतता.]

1965. टोनी आयोमी 17 वर्षांचा. पत्र्याच्या कारखान्यात नोकरीचा शेवटचा दिवस. दुसऱ्या दिवसापासून गिटार घेऊन बँडबरोबर दौऱ्यावर जायचं ठरलेलं. दुपारी जेवायला घरी आला आणि म्हणाला, आता परत जात नाही. आई म्हणाली, अर्धवट टाकायचं नाही, दिवस पुरा कर. तो गेला. यंत्रावरचा नेहमीचा कामगार आला नव्हता, म्हणून याला बसवलं. यंत्र हातावर आलं, यानं घाबरून हात ओढला, आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं तिथेच राहिली.

टोनी डावखुरा. म्हणजे तारा दाबायचा हात उजवा. नेमका तोच.

तो घरी बसून राहिला तेव्हा कारखान्यातला वरचा माणूस एक रेकॉर्ड घेऊन आला. जँगो राइनहार्ट. आगीत हात भाजल्यावर मुख्यतः दोनच बोटांनी गिटार वाजवणारा. मग टोनीनं भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवली, तिच्या टोप्या घडवल्या, घासून बोटांवर बसवल्या, वर जुन्या जाकिटाचं चामडं चिकटवलं. टोप्यांना तारेचा स्पर्श कळत नाही. जाड तारा दाबताना दुखायचं. म्हणून त्यानं बँजोच्या बारीक तारा लावून पाहिल्या. आणि पुढे ताराच सैल केल्या.

इथे थोडं थांबूया. कारण सगळी मजा या सैल तारांत आहे.

[दृश्य: पेटीच्या पट्ट्यांवर बोट. पांढरी तीन वाजते. मग काळी एक.]

गिटारची सर्वांत जाड तार साधारणपणे पांढरी तीनला लावतात. 1971 च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी' या तिसऱ्या रेकॉर्डवर काही गाण्यांसाठी आयोमीनं ती काळी एकपर्यंत उतरवली. दीड सूर खाली. गीझर बटलरनं बासही तेवढाच उतरवला. तार सैल झाली की ती थरथरते, सूर थोडा लोळतो, आणि आवाज कानाआधी पोटात ऐकू येतो. नंतर ज्याला जग हेवी मेटल म्हणू लागलं, त्याचं वजन या उतरलेल्या तारांत आहे. अर्ध्या जगातल्या गिटारवाल्यांनी पुढे आपल्या तारा उतरवल्या. त्यांची बोटं शाबूत होती.

त्याआधीचं, बँडच्याच नावाचं पहिलं गाणं तर फक्त तीन सुरांवर उभं आहे. सा, वरचा सा आणि मग तीव्र मध्यम. बस. आपल्या कानाला तीव्र मध्यम परका नाही. यमनमध्ये तो रोज संध्याकाळी भेटतो, आणि किती गोड भेटतो. इथे त्याच्या आजूबाजूला गंधार नाही, पंचम नाही, कुणीच नाही. ओसाड घरात एकटाच उभा असल्यासारखा वाटतो.

[ध्वनी: पाऊस. दूरवर चर्चची घंटा. आठ सेकंद फक्त एवढंच.]

हे गाणं असलेली पहिली रेकॉर्ड 1970 च्या 13 फेब्रुवारीला आली. वार शुक्रवार. आदल्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या एका छोट्या स्टुडिओत एका दिवसात वाजवून मोकळे झाले होते. पाऊस आणि घंटा नंतर जोडली. मुखपृष्ठावर ऑक्सफर्डशायरमधली जुनी पाणचक्की आणि काळ्या झग्यातली बाई. समीक्षकांनी झोडपलं. 'रोलिंग स्टोन' या नियतकालिकात लेस्टर बँग्सनं तर पार धुऊन काढलं. पोरांनी मात्र रेकॉर्ड विकत घेतली, आणि सप्टेंबरमध्ये आलेली दुसरी रेकॉर्ड, 'पॅरानॉइड', तर ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर नेली. यानंतर सॅबथची रेकॉर्ड तिथे पुन्हा पहिली आली ती 2013 मध्ये.

लोक म्हणाले, सैतानाचे पुजारी. गाणी नीट ऐकली तर बहुतेक वेळा उलटंच निघतं. गीझरनं लिहिलेल्या शब्दांत व्हिएतनामचं युद्ध आहे, पोरांना मरायला पाठवून स्वतः मागे बसणारे सेनापती आहेत, हेरॉइनच्या नादी लागलेले सैनिक आहेत. आणि चौघांच्या गळ्यातले ते प्रसिद्ध क्रूस? ते ऑझीच्या वडिलांनी घडवून दिले होते. टूलमेकर बाप. दंड भरला नव्हता, पण क्रूस करून दिले.

1979 मध्ये ऑझीला काढलं, त्याच्या जागी गायक डिओ आला, मग आणखी कोण कोण आले. त्यावरून जुने चाहते आजही एकमेकांशी भांडतात. मला डिओची पहिली रेकॉर्ड आवडते, हे सांगून त्या भांडणातून अंग काढून घेतो. बाकाकडे परत जाऊया. बाकावर चारच चेहरे आहेत.

चार. हाच चाहत्यांचा हळवा कोपरा. 2012 पासून तिघे पुन्हा एकत्र वाजवू लागले, पण कराराच्या वादात बिल वॉर्ड बाहेर राहिला. 4 फेब्रुवारी 2017 ला बर्मिंगहॅममध्येच निरोपाची मैफल झाली. ढोल दुसराच कुणीतरी वाजवत होता. उत्तम वाजवत होता, त्याचा काय दोष? पण पंगत मांडली आणि एक पाट रिकामा, असं झालं.

[दृश्य: व्हिला पार्क. स्टेडियमभोवतीच्या गल्ल्या, दारात उभ्या गाड्या.]

हे ॲस्टन व्हिलाचं मैदान. लहानपणी सामन्याच्या दिवशी ऑझी या गल्ल्यांत उभा राहायचा आणि गाड्या लावणाऱ्यांना विचारायचा, तुमच्या गाडीवर लक्ष ठेवू का? दोन पैसे सुटायचे.

5 जुलै 2025. त्याच मैदानात 40 हजारांहून अधिक माणसं. मेटॅलिका, गन्स अँड रोझेस, स्लेअर, टूल, सगळे आले, सगळ्यांनी सॅबथची गाणी वाजवली. शेवटी रंगमंचाखालून एक काळं सिंहासन वर आलं. त्यावर ऑझी. पार्किन्सननं पाय काढून घेतले होते, आवाज कुठे लागत होता, कुठे नाही. आणि मागे ढोलावर बिल वॉर्ड, 77 वर्षांचा, अंगातला शर्ट काढून. वीस वर्षांनी चौघे एकत्र. फक्त चार गाणी. चौथं 'पॅरानॉइड', जे 1970 मध्ये रेकॉर्डवर जागा उरली म्हणून घाईघाईत पाडलं होतं.

गर्दीत म्हातारे रडत होते. कशासाठी? जुने दिवस परत हवेत म्हणून? ॲस्टनच्या माणसाला विचारून बघा, त्या धुरात, त्या रात्रपाळीत परत जातोस का? तो हसेल. हा बँडसुद्धा तिथून पळायलाच निघाला होता. धुराडी पाडली त्याचं दुःख कुणाला फारसं नाही. पण त्या धुराड्यांखाली आपण होतो, हे ठाऊक असलेला एकच आवाज उरला होता, आणि तो समोर सिंहासनाला धरून गात होता.

शहराला तोवर जाग आली होती. मैफलीच्या आठवडाभर आधी चौघांना बर्मिंगहॅमचं मानाचं नागरिकत्व दिलं. न्यू स्ट्रीट स्टेशनातल्या अवाढव्य यांत्रिक बैलाचं नाव तर आधीच ऑझी ठेवलं होतं. उशीर झाला, पण पोचले.

सतरा दिवसांनी, 22 जुलैला, ऑझी गेला.

[दृश्य: 30 जुलै 2025. ब्रॉड स्ट्रीट. दोन्ही कडांना माणसं, पूल फुलांनी भरलेला.]

अंत्ययात्रा बाकापाशी थांबली. घरची माणसं उतरली, फुलं ठेवली. पुढे शहरातलाच एक ब्रास बँड चालत होता, बॉस्टिन ब्रास. 'बॉस्टिन' म्हणजे तिकडच्या बोलीत 'लय भारी'. गिटार नव्हती. सॅबथची गाणी पितळी वाद्यांतून वाजत होती. हॉर्न ट्यून करायची नोकरी सोडून पळालेल्या पोराला पोचवायला हॉर्नच आले होते.

काही वेळ रस्ता गप्प होता. मग कडेच्या गर्दीतून कुणीतरी त्याचं नाव तीनदा पुकारलं, आणि मैदानात गोल झाल्यावर देतात तशी आरोळी उठली:

ओय! ओय! ओय!

[ध्वनी: आरोळी विरते. पाऊस. घंटा.]