खुर्ची एकीची, टेबल चौघांचं

मागे ऐकू येतंय ना? बरं. विषय तुम्ही पत्रिकेवर वाचलाच आहे, एकट्याने फिरायला गेल्यावर हॉटेलात निवांत कसं जेवायचं. मला हे कधीपासून एकदा सविस्तर बोलायचं होतं, त्यामुळे मंडळाने हॉल दिला, वेळ दिला आणि कामाच्या दिवशी संध्याकाळी तुम्ही एवढे ठाणेकर आलात याचा खरंच आनंद झालाय.

आधी हात वर करा बघू. गडकरीला एकट्याने नाटक बघितलेले किती जण? वा, बरेच आहेत. एकट्याने मामलेदारची मिसळ? हे तर जवळपास सगळेच. आता असं बघा, सुट्टी काढून दुसऱ्या गावी गेलाय, रात्रीचे साडेआठ झालेत, चांगलं टेबलक्लॉथ-बिथ असलेलं हॉटेल आहे, तिथे एकट्याने आत जाऊन, ऑर्डर देऊन, सावकाश जेवून बाहेर आलेले किती? बघा, लगेच सगळे हात खाली. एक ताई अर्धा वर करतायत, तोही मोजूया.

यावर जो सल्ला सगळीकडे मिळतो तो मला अजिबात पटत नाही. आत्मविश्वास ठेवा, हातात पुस्तक ठेवा, लोकांना तुमच्याकडे बघायला वेळ नसतो. अहो, असतो की! जेवण यायला वीस मिनिटं लागतात, तेवढ्या वेळात माणूस दुसरं काय करणार? आणि या सल्ल्यात सगळा दोष जेवणाऱ्याच्या मनाचा ठरतो, तू लाजाळू, तू घाबरट, तू बदल. माझं म्हणणं, दोष टेबलाचा आहे. एकट्या माणसाला चौघांच्या टेबलावर बसवलं की पुढचं सगळं ठरल्यासारखं होतं. वेटर येतो, समोरची तीन उपडी ग्लासं आणि तीन प्लेटा उचलतो, त्यांचा खणखणाट होतो, आजूबाजूचे वळून बघतात, काउंटरवरच्या मालकाला तीन खुर्च्या रिकाम्या दिसायला लागतात आणि तुम्हाला कळतं की तो हिशोब करतोय. मग कितीही आत्मविश्वास असला तरी घास घाईने जातो.

मी बँकांच्या ऑडिटसाठी बरीच वर्षं तालुक्याच्या गावांना फिरलेय. तेव्हाही एकटीच जेवायचे, पण त्याचं कधी काही वाटलं नाही, कारण गळ्यात आयकार्ड असायचं, शेजारच्या खुर्चीत फायली. बघणाऱ्याला उत्तर मिळायचं, बाई कामासाठी आल्यात. सुट्टीत एकटं गेलं की हे उत्तर जातं. मग ‘किती जण?’, ‘एक’, ‘एकच? मागून कोणी येतंय का?’ सुरू होतं. बाईमाणूस असेल तर आणखी एक, फॅमिली रूम. हायवेवरच्या, परमिट रूमवाल्या हॉटेलात बाहेर पुरुष बसलेले असतात, आणि एकटी बाई आली की ‘मॅडम, फॅमिली वर आहे.’ वर जायचं, तिथे चिटपाखरू नाही, तुमच्यासाठी एक ट्यूब आणि एक पंखा लावतात आणि वेटर जो खाली जातो तो चपाती मागायला तुम्हीच जिन्यापर्यंत येईपर्यंत दिसत नाही. हसू नका काकू, तुम्हीपण गेला असाल!

आता मला एक प्रसंग सांगायचाय, थोडा लांब आहे पण सगळा सांगते. कोकणातलं एक गाव, खाडीकाठचं हॉटेल, नाव घेत नाही. दुपारी साडेबाराला पोचले, हॉल जवळजवळ रिकामा, मी खिडकीचं टेबल मागितलं. मॅनेजरने जरा विचार केला आणि दिलं. सुरमईची थाळी सांगितली. थाळी छान आली, तळलेल्या तुकडीला रवा नीट लागलेला, कडेला कुरकुरीत, रश्शाच्या वाटीत तिरफळं दिसत होती, सोलकढी ताजी, तिला ठेचलेल्या लसणाचा वास. भाकरी मोडली, दोन-चार घास झाले असतील. एवढ्यात बाहेर मोठी गाडी थांबली, आठ जणांचं कुटुंब उतरलं, आणि मॅनेजर माझ्याकडे आला. ‘मॅडम, तुम्ही एकट्याच आहात तर जरा तिकडे बसता का?’ तिकडे म्हणजे बेसिनच्या बाजूला, जिथे लोक येऊन खळखळून चूळ भरतात. मी काही बोलायच्या आत वेटरने सोलकढीचा ग्लास उचललासुद्धा.

मंडळी, भरल्या ताटावरून कोणाला उठवू नये हे आपल्याकडे शेंबड्या पोराला माहीत असतं. घरी आलेला वसुलीवाला असला तरी आपण म्हणतो, बसा, जेवून घ्या, मग बोलू. मग पैसे देऊन जेवणाऱ्या माणसाला अर्ध्या जेवणात उठवायचं कसं सुचतं? सुचतं याचं कारण एकच, त्या टेबलावर चौघं असती तर त्याने विचारलंच नसतं. ‘तुम्ही एकट्याच आहात तर’ यातच सगळं आलं. माझा तेव्हाही संताप झाला, आत्ता सांगतानाही होतोय. मी म्हटलं, ‘दादा, जेवण होऊ दे, मग लगेच उठते. तोवर सोलकढी इथे ठेवा.’ एवढंच. आवाज चढवला नाही, पण उठले नाही.

तर त्या कुटुंबातल्या आजी हे सगळं ऐकत होत्या. त्या सरळ माझ्या टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, ‘बाय माझे, तू जेव. मी बसू ना इथे? माझे पाय दुखतायत गाडीत बसून.’ आणि बसल्या! माझ्या समोरच्या खुर्चीत. सूनबाई लांबून खुणा करतायत, आई, उठा, त्यांना त्रास होईल, आणि आजींनी तोवर माझ्या ताटात बघून विचारलंन, ‘मुंडी नाय दिली तुला? मागून घे, रश्शातली मुंडी सोडू नको.’ त्यांनी वेटरला हाक मारली, दोघींसाठी मुंडी मागवली, स्वतःला बांगड्याची थाळी सांगितली, आणि मग त्यांचं माहेर कुठलं, मी कुठची, ठाण्यात कुठे, त्यांचा पुतण्या कळव्याला राहतो, काटा कसा काढायचा, असं आमचं जेवण झालं. बाकीचे सात जण दोन टेबलं जोडून मजेत बसले. कोणाचंही काही अडलं नाही. मॅनेजरला जागा हवी होती, ती माझ्याच टेबलावर होती, तीन खुर्च्या! फक्त त्या वापरायची पद्धत त्याला माहीत नव्हती.

आणि ही पद्धत आपली आहे हो, आपल्या मुंबईने ती वाढवली. गिरणगावात कोकणातून, साताऱ्याकडून लाखो पुरुष बायका-मुलांना गावी ठेवून आले, ते जेवायचे कुठे? खानावळीत. तिथे प्रत्येक जण एकटाच यायचा आणि पंगतीला बसायचा. त्या खानावळी चालवणाऱ्या बायकांची प्रेमा पुरव यांनी १९७५ साली संघटना बांधली, अन्नपूर्णा महिला मंडळ, त्यांना बँकेची कर्जं मिळवून दिली, मी बँकेच्या जगातली असल्याने मला त्याचं फार मोल वाटतं. माटुंग्याला रामा नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग, १९४२ पासूनचं, आजही जाऊन बघा. नंबर लागला की रिकाम्या खुर्चीत बसवतात, समोर कोण हे विचारायचं नाही, केळीच्या पानावर जेवायचं, ताक प्यायचं, उठायचं. शेजारी कॉलेजचा मुलगा, समोर रिटायर्ड काका, आणि कोणालाच कोणी एकटं दिसत नाही, कारण सगळेच सुटे बसलेत. आपल्याकडे गर्दीच्या वेळी मिसळ खायला गेलात तरी हेच. ‘बसू का इथे?’ म्हणायचं, समोरचा प्लेट जराशी ओढून घेतो, विषय संपला. मग हीच माणसं महाबळेश्वरला गेली की एकट्याने हॉटेलात शिरायला का बिचकतात? माणसं तीच आहेत, फर्निचर बदललंय.

म्हणून मी फिरायला जाते तेव्हा हॉटेल निवडताना मेन्यूच्या आधी खुर्च्या बघते. बंगळुरूला तर एकट्याचं राज्यच आहे. तिथल्या दर्शिनी, १९८३ पासून सुरू झालेली पद्धत, कूपन घ्यायचं आणि उंच टेबलाशी उभं राहून इडली-वडा खायचा. टेबलाला खुर्चीच नाही, मग रिकामी कुठून दिसणार? गांधी बाजारातलं विद्यार्थी भवन १९४३ चं, तिथे बसवतात, पण अनोळखी लोकांबरोबर, आणि वेटर दंडापर्यंत डोशांच्या प्लेटा रचून येतो ते बघण्यात सगळं टेबल एक होतं. कोलकात्यात पाइस हॉटेलं आहेत, भात वेगळा, डाळ वेगळी, माशाची तुकडी वेगळी, काही ठिकाणी केळीच्या पानाचे आणि लिंबाच्या फोडीचेसुद्धा पैसे वेगळे. एकट्याला यासारखं सोयीचं नाही, भूक असेल तेवढंच घ्या. आणि अमृतसरचा लंगर तुम्हाला सांगायला नको, तिथे पंगतीत बसलं की आपण कितीजण आलोय हा प्रश्नच उरत नाही.

परदेशातही असंच. इटलीत कॅफेच्या काउंटरशी उभं राहून कॉफी प्यायली तर टेबलावर बसून पिण्यापेक्षा स्वस्त, त्यामुळे सगळे उभेच. जपानमधे इचिरान म्हणून रामेनच्या, म्हणजे रश्शातल्या नूडलच्या, हॉटेलांची साखळी आहे, तिथे प्रत्येक सीटला दोन्ही बाजूंनी लाकडी पार्टिशन, मशीनवर तिकीट काढायचं, नूडल कडक की मऊ, रस्सा पातळ की दाट हे कागदावर टिक करायचं, पाण्याचा नळसुद्धा आपापल्या सीटला, आणि समोरच्या छोट्या पडद्याखालून बाऊल येतो. पुष्कळांना हे फार आवडतं. मला नाही. एवढी भिंत मला नको, मला शेजारी हवा, फक्त त्याने माझी चौकशी करावी अशी सक्ती नको. कोरियात उलटी अडचण, मांस टेबलावर भाजून खायच्या हॉटेलात पुष्कळदा कमीत कमी दोन प्लेट घ्याव्या लागतात, म्हणून तिथे एकट्याने भाताच्या नाहीतर सूपच्या जागी जावं…

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं राहिली. अरे देवा, ‘निवांत कसं जेवायचं’ हे सांगायचं राहिलंच की! भराभर सांगते.

चौघांच्या टेबलांचंच हॉटेल असेल आणि तिथेच जेवायचं असेल तर हॉटेल उघडल्या-उघडल्या जा, दुपारी बाराला, रात्री साडेसातला. तेव्हा टेबल मागता येतं आणि वेटरला बोलायला वेळ असतो. बेसिनजवळचं, किचनच्या दाराजवळचं दिलं तर ‘ते भिंतीकडचं चालेल का?’ म्हणून बोट दाखवून विचारा, नुसतं ‘दुसरं द्या’ म्हटलं की ‘सगळी रिझर्व्ह आहेत’ ऐकावं लागतं. पाठ भिंतीला आणि तोंड हॉलकडे असं बसा, लोकांनी आपल्याला बघण्यापेक्षा बघणारं आपण व्हायचं, फार करमणूक होते. गर्दी झाली तर आपणहून सांगा, ‘समोर कोणाला बसायचं असेल तर बसू द्या.’ मॅनेजरचा चेहरा लगेच बदलतो आणि तुम्हाला कोणी घाई करत नाही, हे मी कितीतरी ठिकाणी बघितलंय.

ऑर्डर. पंजाबी भाजीची एक प्लेट दोघा-तिघांची असते, एकटा माणूस तो पनीरचा बाऊल संपवत बसतो आणि बाकी काही चाखता येत नाही. थाळी घ्या, नाहीतर हाफ आहे का विचारा, मेन्यूत लिहिलेलं नसलं तरी पुष्कळ जण देतात. सगळं एकदम सांगू नका, एक आलं की दुसरं सांगा, म्हणजे वेटर येत-जात राहतो.

जेवणाच्या मधे उठायची वेळ आली तर ही खरी अडचण, कारण परत येईस्तोवर ताट उचललेलं असतं! वेटरला सांगून जा, ‘अजून जेवतेय,’ आणि चमचा ताटात आडवा ठेवा. पर्स, मोबाइल बरोबर न्या, रुमाल नाहीतर पाण्याची बाटली खुर्चीवर राहू द्या. त्यापेक्षा हात आधीच धुवून बसा.

बायकांसाठी, रात्रीचं जेवण राहायच्या जागेपासून चालत येता येईल अशा ठिकाणी ठरवा, आणि लॉजवाल्या बाईंना विचारा, ‘तुम्ही स्वतः कुठे जेवता?’ त्या सांगतील ती जागा बहुतेक वेळा बरोबर निघते. फॅमिली रूममधे पाठवलं आणि तिथे कोणी नसेल तर तिथे बसू नका, खालीच, काउंटरच्या जवळचं टेबल मागा.

मोबाइलचं म्हणाल तर पहिला घास घेईपर्यंत चालेल, नंतर पालथा ठेवा. तिरफळाचा वास रील बघताना येत नाही.

संपवते, वेळ झालीय हे दिसतंय मला. सरावासाठी महाबळेश्वरला जायची गरज नाही, गोखले रोडवर रविवारी दुपारी गर्दीच्या एखाद्या उडप्याकडे एकट्याने जा आणि अनोळखी माणसासमोरची रिकामी खुर्ची मागा. प्रश्न असतील तर चहाच्या वेळी विचारा, मी आहे थांबलेली, आणि त्या अर्धा हात वर करणाऱ्या ताई, तुम्ही जरूर भेटा, तुमचं कुठलं हॉटेल ते मला ऐकायचंय.