कळसूत्र तुटल्यावर

श्रोतेहो, नमस्कार.

कळसूत्री बाहुली म्हणजे काय, हे सांगलीकरांना सांगायला नको. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी याच गावात ‘सीता स्वयंवर’ उभं केलं आणि मराठी नाटक सुरू झालं, हे आपल्याकडे शाळकरी पोरंही सांगतात. त्याच भाव्यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या. वर्षानुवर्षं त्या पडून राहिल्या. पुढे रामदास पाध्यांनी त्या दुरुस्त करून पुन्हा लोकांपुढे आणल्या. वरून दोरा ओढला की खाली हात उठतो. दोरा ज्याच्या बोटात, मर्जी त्याची.

आज मी बोलणार आहे ते दोरा तुटलेल्या एका बाहुलीबद्दल. ‘मर्डरबॉट’ नावाची दहा भागांची मालिका २०२५ साली ॲपल टीव्ही प्लसवर आली. मार्था वेल्स या लेखिकेच्या २०१७ सालच्या छोट्या कादंबरीवर ती बेतलेली आहे. नाव भयंकर आहे, पण नावावर जाऊ नका.

काळ पुढचा, ग्रह परका. एक कंपनी पहारेकरी यंत्रमानव भाड्याने देते. अर्धं यंत्र, अर्धं हाडामांसाचं. त्याच्या आत हुकूम पाळायला लावणारा एक भाग बसवलेला असतो; आपल्या भाषेत सांगायचं तर कळसूत्र. यातला एक यंत्रमानव ते कळसूत्र स्वतःच निकामी करतो. आता त्याच्यावर कुणाची सत्ता नाही. अंगात बळ आहे, हातात शस्त्र आहे. तो काय करतो? मालिका बघत बसतो. अंतराळातल्या माणसांच्या भानगडींची लांबच लांब मालिका, तासन्‌तास, आणि कुणाला पत्ता लागू देत नाही.

हा यंत्रमानव ना पुरुष, ना बाई. इंग्रजीत अशा कुणाला ‘इट’ म्हटलं की ते वस्तूसारखं वाटतं. आपल्याकडे ‘ते’ आहे. ते लेकरू, ते पाखरू. आपल्या ‘ते’मध्ये माया असते, म्हणून इथून पुढे मी त्याला ‘ते’च म्हणणार आहे.

रोबोट हा शब्द मुळात नाटकातला. कारेल चापेक या चेक लेखकाने १९२० साली आपल्या नाटकात तो वापरला. सुचवला होता त्याच्या चित्रकार भावाने. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे वेठ. त्या नाटकातले रोबोट बंड करतात आणि माणूसजात संपवायला निघतात. पुढची शंभर वर्षं लिहिणाऱ्यांच्या मनातून ती भीती हलली नाही. वेठीला धरलेला सुटला की आधी आपला गळा धरणार, ही भीती मुळात वेठीला धरणाऱ्याची. मला ही मालिका मोलाची वाटते ती यासाठी, की तिने सुटलेल्याच्या बाजूने विचार केला. सुटलेल्याला पहिल्यांदा काय हवं असेल? थोडं बसायला हवं असेल.

हे मला पटकन कळलं ते आईमुळे. खणभागात दोन खोल्यांत आम्ही सात माणसं. आई पहाटेपासून उभी. संध्याकाळी मालिका लागली की दाराजवळ पाट घेऊन बसायची, मांडीवर ताट, ताटात सोलायचा लसूण. एकदा वडिलांनी आतून चहा मागितला. आईने मान वळवली नाही. लसणाची पाकळी बोटात तशीच धरून म्हणाली, “थांबा, जाहिरात लागू दे.” घर गप्प झालं. आजी तर तिच्याकडे बघतच राहिली. मग जाहिरात लागली, आणि आई उठली, चहा टाकला, नेहमीसारखा आलं ठेचून.

मर्डरबॉटचंही तसंच आहे. ज्या शास्त्रज्ञांच्या पहाऱ्यासाठी ते भाड्याने दिलेलं असतं, त्यांना प्राणी गिळायला येतो तेव्हा कळसूत्र तुटलेलं असूनही ते मध्ये उडी घेतं. भेदरून गोठलेल्या बाईसमोर शिरस्त्राणाची काच उघडून चेहरा दाखवतं, हळू आवाजात तिला चालायला लावतं. खरं तर कुणाच्या डोळ्यांत बघणंसुद्धा त्याला नकोसं होतं. धीर कसा द्यावा हे कंपनीने त्याला शिकवलेलं नाही. मालिका बघून जे उमगलं तेवढंच. काम पूर्वीचंच, पहाऱ्याचं. फक्त आता ती वेठ नाही.

भाग छोटे आहेत, वीस-पंचवीस मिनिटांचे. शास्त्रज्ञांची आपापसातली प्रेमप्रकरणं मला जरा लांबलेली वाटली. पण डॉक्टर मेन्सा ही त्यांची प्रमुख बाई फार सुंदर उभी केली आहे. यंत्राला काही सांगण्याआधी विचारणारी.

शेवटच्या भागात कंपनी त्याच्या आठवणी पुसून टाकते. शास्त्रज्ञांपैकी ज्याने पहिल्यापासून त्याच्यावर संशय घेतला, तोच गुराथिन त्या आठवणी परत मिळवून देतो. मेन्साची माणसं त्याला कंपनीकडून सोडवतात, आपल्याकडे राहायला बोलावतात. सगळं चांगलंच चाललेलं असतं. आणि तरीही ते एकटं निघतं. कारण काय हवं ते दुसऱ्याने, मायेनं का होईना, ठरवून दिलेलं त्याला नको आहे. निघताना गुराथिनला सांगतं, की हद्दीवर एक चक्कर मारायला हवी. गुराथिनला सगळं कळतं. तो अडवत नाही.

हा भाग मी आईला शेजारी बसवून, मराठीत सांगत सांगत दाखवला. आता ती ब्याऐंशीची आहे. मला वाटलं, तिला वाईट वाटेल. ती म्हणाली, “जातो म्हणालं नाही ना? मग येईल.”

नमस्कार.