बोअरचं पाणी, जास्तीची पावडर आणि आपलं वॉशिंग मशीन

(पुण्यातल्या एका गृहसंस्थेत, वॉशिंग मशीन दुरुस्त करणाऱ्या कारागिराने रहिवाशांपुढे केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन.)

मंडळी, बोलायला लागण्याआधी या दोन वस्तू पुढच्या रांगेतून मागे जाऊ द्या. हातात घेऊन बघा. पहिला हीटर आहे. आतला धातू दिसतच नाही, कारण त्यावर चुन्याचं कवच चढलंय. दुसरा स्पायडर, म्हणजे फ्रंट लोडच्या ड्रमला मागून धरणारा तीन हातांचा भाग. त्याचा एक हात तुटलाय. तुटल्या जागी बोट फिरवलंत तर भुकटी लागेल. दोन्ही मशीनं याच भागातली, आणि दोन्हींची मोटर ठणठणीत होती. दोन्ही घरांत मला एकच प्रश्न विचारला गेला, "मशीनच खराब लागलं का हो?" तसं नव्हतं. एक पाण्याने गेलं, दुसरं पावडरने. आज मला मुख्यतः हेच सांगायचंय.

आधी पाणी. उन्हाळ्यात कॉर्पोरेशनचं पाणी कमी पडलं की आपल्याकडे बोअर आणि टँकर सुरू होतात. जमिनीतून, काळ्या पाषाणातून झिरपलेल्या या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेलं असतं. पाणी गार असेपर्यंत ते दिसत नाही. तापलं की त्याचा चुना होतो आणि हीटरवर बसतो. चुन्यातून उष्णता नीट बाहेर जात नाही, त्यामुळे पाणी तापायला वेळ लागतो, हीटर स्वतःच जास्त तापतो आणि एक दिवस फुटतो. "गरम पाण्याचा प्रोग्रॅम लावला की घरातली लाइट जाते" असा फोन आला, की मी सगळ्यात आधी हीटर तपासतो. फुटलेल्या हीटरमधून करंट बॉडीकडे जातो आणि आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइट तोडणारा स्विच, पडतो. तो पडला म्हणून आपण वाचलो. तो पुन्हा पुन्हा वर करून मशीन चालवू नका, कृपा करून. आणि मशीनला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर त्याच क्षणी मेन स्विच बंद करा, अर्थिंग तपासून घ्या, मगच पुढचं.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, कठीणपणाची, म्हणजे पाण्याच्या जडपणाची, मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरीकडून पाणी मिळतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. पोटाला जे चालतं ते हीटरला चालत नाही. टीडीएस मीटर पाण्यात विरघळलेलं सगळंच मोजतो, त्याचा आकडा म्हणजे कठीणपणा नव्हे, हेही लक्षात असू द्या. घरी ओळखायचं असेल तर एका बाटलीत नळाचं पाणी घ्या, अंगाच्या साबणाचा थोडा कीस टाका आणि जोरात हलवा. फेस न धरता दह्यासारखा साका झाला, तर पाणी जड आहे. डिटर्जंटने ही परीक्षा करू नका, साबणच हवा.

उपाय स्वस्त आहे. किराणा दुकानात लिंबूसत्व मिळतं, तेच सायट्रिक ॲसिड. साधारण १०० ग्रॅम रिकाम्या ड्रममध्ये टाकून ६० अंशांवर एक धुलाई फिरवा. गार पाण्यात फारसा उपयोग होत नाही. बोअरचं पाणी असेल तर दर दोन महिन्यांनी करा. त्याआधी मशीनच्या पुस्तिकेत काय लिहिलंय ते वाचा. त्याच धुलाईत ब्लीच मात्र चुकूनही टाकू नका. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

आता पावडर. आपल्या मनात पक्कं बसलंय की फेस म्हणजे सफाई. बादलीत भिजवायची पावडर फेस यावा अशाच बेताने केलेली असते. फ्रंट लोडमध्ये कपडे वरून खाली आपटून स्वच्छ होतात. मधे फेसाची गादी आली की ते आपटतच नाहीत. पंप पाण्याऐवजी फेस ओढायला लागतो, मशीनला पाणी किती आहे ते कळत नाही, ते पुन्हा पुन्हा खंगाळत बसतं आणि डिस्प्लेवरची शेवटची १२ मिनिटं संपता संपत नाहीत. जड पाण्यात पावडर थोडी जास्त लागते, हे खरंय. पण किती, ते पुड्यावर लिहिलेलं असतं, आणि पावडर मशीनचीच घ्या, कमी फेसाची.

न धुतलेली पावडर जाते कुठे? ड्रमच्या मागे. तिथे अंगाचं तेल, सॉफ्टनर, पावडर यांचा राखाडी चिखल साठतो. ड्रम स्टेनलेस स्टीलचा, त्याला काही होत नाही. स्पायडर बहुतेक मशीनमध्ये ॲल्युमिनियमचा असतो, आणि पावडरच्या क्षाराने तो हळूहळू खाल्ला जातो. बाहेरून मशीन नव्यासारखं दिसतं. मग एके दिवशी स्पिनला लोखंडी खडखडाट होतो आणि दुरुस्तीचा आकडा ऐकून माणसं मशीन भंगारात देतात. मला याचंच फार वाईट वाटतं. चांगली मोटर, चांगली बॉडी, आणि रोजच्या एका जास्तीच्या चमच्यापायी सगळं जातं. महिन्यातून एकदा रिकामा ड्रम आतून धरून वर-खाली हलवा. बाहेरच्या टबसकट हलला तर ठीक. ड्रम एकटाच खुळखुळला तर बेअरिंग किंवा स्पायडर गेलाय. तेव्हाच बोलवा, तुटेपर्यंत थांबू नका.

गोधडी मशीनमध्ये घालू नये, असं मी प्रत्येक घरी सांगतो. आजीची गोधडी कोरडी असताना हलकी वाटते. पाणी प्यायल्यावर ती एका बाजूला गोळा होते, आणि त्या ओझ्यासकट ड्रम मिनिटाला हजार फेरे मारायला जातो. बेअरिंगवर काय ताण येत असेल, विचार करा. गोधडी अंगणात, गच्चीवर, पायाने तुडवूनच धुवावी. सहावारी, नऊवारी साड्या चालतात, पण जाळीच्या पिशवीत घालून.

बऱ्याच तक्रारींना मेकॅनिक लागतच नाही. पाणी येत नाही, अशी तक्रार पावसाळ्यात वाढते. मशीनमागे पाइप जिथे जोडतो तिथे नखाएवढी जाळी असते, ती टाकीतल्या गाळाने भरते. नळ बंद करून पाइप सोडवा, जाळी पक्कडीने ओढून ब्रशने धुवा. वरच्या मजल्यावरच्या लोकांचं दुखणं वेगळं. टाकी डोक्यावर तीन मीटरवर असेल तर दाब जेमतेम ०.३ बार मिळतो, आणि अनेक मशीनना तो कमी पडतो. तिथे व्हॉल्व्ह बदलून काही होणार नाही, छोटा प्रेशर पंप लागेल.

ड्रेन पाइपचं तर प्रत्येक इमारतीत बघतो. फ्रंट लोडमध्ये पाणी पंपाने वर जातं, म्हणून पाइपचं तोंड साधारण ६० ते १०० सेंटिमीटर उंचीवर हवं. न्हाणीत जमिनीवर सोडलंत तर काही मशीनमध्ये एकीकडे पाणी भरतं आणि दुसरीकडे आपोआप निघून जातं, तासभर तेच. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये, म्हणजे धुवायचा आणि पिळायचा टब वेगळा असलेल्या मशीनमध्ये, उलट. तिथे पंप नसतो, पाइप खालीच पाहिजे. टॉप लोडमध्ये दोन्ही प्रकार आहेत, त्यामुळे पुस्तिका बघा.

सेमी वापरणाऱ्यांना एकच सांगतो. ड्रायरचं झाकण उघडल्यावर तो काही सेकंदांत थांबलाच पाहिजे. थांबत नसेल तर ब्रेक गेलाय. फिरत्या ड्रायरमध्ये हात घालू नका, मुलांना जवळ फिरकू देऊ नका. पिळलेला कपडा बोटाला गुंडाळला की काय होतं, ते मी पाहिलंय.

घर बदलणार असाल तर फ्रंट लोडचे ट्रान्झिट बोल्ट, म्हणजे वाटेत ड्रम हलू नये म्हणून मागून लावायचे बोल्ट, लावूनच मशीन हलवा, आणि नव्या घरी ते काढल्याशिवाय चालू करू नका. तळ उघडा असेल तर जाळी बसवा, उंदीर वायर कुरतडतात. दुरुस्तीला येणाऱ्याकडून बदललेला जुना पार्ट मागून घ्या आणि पावती घ्या. तुम्ही मागितलंत तर आमच्यातल्या सरळ माणसाला वाईट वाटत नाही.

मघाशी एका ताईंनी विचारलं, कपड्यांना वास का येतो. दरवाजाच्या रबराची घडी बोटाने उलटून बघा, काळी बुरशी दिसेल. धुलाई झाली की ती घडी कोरडी पुसा, दरवाजा चार बोटं उघडा ठेवा. घरात लहान मूल असेल तर मात्र हवा खेळेपर्यंत मोठं माणूस जवळ असू द्या, आणि मग दरवाजा बंद करा.

आता सगळे खाली क्लब हाऊसच्या मशीनपाशी चला. एक पसरट ताट आणि जुना टॉवेल घेऊन या. धुलाई होऊन तास झालाय, म्हणजे आतलं पाणी निवलं असेल. पंपाचा फिल्टर कसा उघडायचा ते दाखवतो. आधी बारीक नळीतून पाणी काढायचं, मग झाकण सावकाश फिरवायचं. बघू आत किती नाणी आणि किती पिना निघतात.