कोंबडीच्या तळव्यातली गाठ: घरी काय करायचं, कुठे थांबायचं

श्रोते हो, नमस्कार.

परसात पाच-दहा कोंबड्या असल्या की पायाचं दुखणं हमखास उशिरा लक्षात येतं. दुखरी जागा कायम जमिनीला टेकलेली, मग दिसणार कशी? कोंबडी दाणे टाकल्यावर सगळ्यांच्या मागून येते, एक पाय पोटाशी घेऊन उभी राहते, दांडीवर चढायचं सोडून कोपऱ्यात बसते. इतकं दिसेपर्यंत तळव्यातली गाठ बहुतेक वेळा चांगली मुरलेली असते. म्हणून पंधरा दिवसांतून एकदा, रात्री कोंबड्या खुराड्यात शांत बसल्या की बॅटरी घेऊन प्रत्येकीचे दोन्ही तळवे बघायचे. दहा कोंबड्यांना पंधरा मिनिटं पुरतात.

बघायचं काय, तर तळव्याच्या मधोमध असलेली गादी. निरोगी गादी मऊ असते आणि तिच्यावर बारीक दाणेदार खवलं दिसतात. पहिल्या टप्प्यात ती गुळगुळीत, चकचकीत आणि लालसर होते. पुढे सूज येते आणि मध्यभागी काळी, टणक खपली धरते. पशुवैद्यक याला बंबलफूट म्हणतात. कातडीला बारीकशी जखम झाली की तिच्यातून जंतू आत शिरतात. हे बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस जातीचे, म्हणजे माणसाच्या गळवात सापडतात त्याच घराण्यातले असतात. तेव्हा हातमोजे घातल्याशिवाय पायाला हात लावू नका, आणि हे काम स्वयंपाकघराच्या मोरीत तर मुळीच नको.

प्रत्येक लंगडी कोंबडी या आजाराची नसते. बोटाभोवती दोरा, केस किंवा मांजाचा तुकडा आवळलेला असतो, तो आधी शोधा. पायावरची खवलं उचललेली, खडबडीत, पांढरट भुकटी धरलेली असतील तर तो खरजेचा किडा. त्याला कोमट पाणी, जुना मऊ ब्रश आणि वर खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन, आठवड्यातून दोनदा, तीन ते चार आठवडे. आणि हे सगळ्या कोंबड्यांना एकदम, नाहीतर किडा फिरत राहतो. रॉकेल किंवा गाडीचं जळकं तेल लावायची पद्धत अजून दिसते. त्यानं कातडी भाजते, किड्याबरोबर पायही जातो. तळवा स्वच्छ आहे, पण कोंबडीचा एक पाय पुढे आणि एक मागे पसरलेला आहे, किंवा मान वळते आहे, तर हे पायाचं काम नव्हे. मरेक, मानमोडी अशा आजारांत असं होतं. तिला वेगळी ठेवून पशुवैद्यकाला बोलवा.

आता तळव्याचा उपचार. कोंबडीला जुन्या टॉवेलात पंख मिटून गुंडाळा आणि डोक्यावरून टॉवेलाचं टोक घ्या. अंधार झाला की ती निवांत पडते. मात्र छाती दाबू नका आणि तिला फार वेळ उताणी धरू नका. कोंबडीला माणसासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड वर-खाली हलूनच तिचा श्वास चालतो. ते घट्ट धरलं तर ती हातातच गुदमरते.

टबात पायाची बोटं पूर्ण बुडतील इतकं, सात-आठ सेंटिमीटर कोमट पाणी घ्या. कोपर बुडवून सोसेल इतपत गरम. एक लिटरला दोन मोठे चमचे एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. ते औषधाच्या दुकानात मिळतं. नसेल तर लिटरला सपाट दीड चहाचा चमचा साधं मीठ चालतं. कोंबडीला हे पाणी पिऊ देऊ नका, एप्सम सॉल्टनं जुलाब होतात. पाय दहा ते पंधरा मिनिटं भिजू द्या. मग साध्या पाण्यानं धुवा, स्वच्छ कापडानं टिपून बोटांच्या मधलं सुद्धा कोरडं करा. दहा टक्क्यांचं पोव्हिडोन आयोडीन एक भाग आणि पाणी नऊ भाग असं मिसळलं की फिक्या चहाच्या रंगाचं पाणी होतं. त्यात कापसाचा बोळा भिजवून तळवा पुसा. नुसती लाली आणि थोडी सूज असेल तर रोज एवढं करा, कोंबडीला कोरड्या मऊ जागी ठेवा. आठवडा-दहा दिवसांत फरक दिसतो.

खपली असेल तर तीन-चार दिवस भिजवल्यावर ती कडेनं सुटायला लागते. स्वच्छ चिमट्यानं हलकेच धरून बघा. सहज निघाली तर निघू द्या, ओढावी लागत असेल तर उद्यावर टाका. खपलीबरोबर कधी कधी आतली गाठही बाहेर येते. कोंबडीचा पू आपल्यासारखा पातळ वाहत नाही. तो घट्ट, पिवळट, पनीरसारखा गोळा होऊन आत बसतो, म्हणूनच नुसतं दाबून काही निघत नाही. दाबलं की गाठ फुटते आणि जंतू आणखी आत, बोटं हलवणाऱ्या शिरांच्या (कंडरांच्या) आवरणापर्यंत जातात. तळवा पिळणं ही घरच्या उपचारातली सगळ्यात मोठी चूक आहे.

राहिला ब्लेडचा प्रश्न. मोबाईलवर तळवा कापून गाठ काढतानाचे व्हिडिओ पुष्कळ आहेत. आमचं मत स्पष्ट आहे: घरी कापू नका. त्या गादीच्या आत बोटं मिटवणाऱ्या शिरा आणि रक्तवाहिन्या अगदी जवळजवळ असतात, भूल दिलेली नसते, आणि दोन किलोच्या कोंबडीच्या अंगात सगळं मिळून जेमतेम सव्वाशे-दीडशे मिली रक्त असतं.

गाठ निघून खड्डा पडला असेल तर तो त्याच आयोडीनच्या पाण्यानं धुवा, पाच टक्क्यांचं पोव्हिडोन आयोडीन मलम पातळ लावा, वर न चिकटणारा पॅराफिन गॉज आणि त्यावर चौपदरी गॉजची छोटी गादी. नंतर दीड सेंटिमीटर रुंद, हातभर लांब पट्टी घ्या. तळव्यावरून सुरू करून प्रत्येक दोन बोटांच्या मधून वर काढा, नडगीला एक वेढा द्या आणि पुन्हा खाली या. बोटांची टोकं उघडी राहिली पाहिजेत. तासाभरानं हात लावून बघा. बोटं सुजली, गार पडली किंवा काळपट झाली तर पट्टी घट्ट झाली आहे, लगेच सोडा. पहिले चार दिवस रोज, पुढे एक दिवसाआड बदला, आणि भिजली की केव्हाही. काढलेली पट्टी जाळा किंवा खोल पुरा. खड्डा भरून नवी कातडी धरायला तीन-चार आठवडे सहज लागतात.

या काळात कोंबडी वेगळी हवी, पण नजरेआड नको. दोन-तीन आठवडे लांब ठेवलेली कोंबडी परत सोडली की बाकीच्या तिला परकी समजून टोचून काढतात. शिवाय पांढरी पट्टी दिसली की चोच मारणारच. त्याच खुराड्याला लागून जाळीचा कप्पा करा, खाली भाताचा तूस आणि पाणी-दाणा हाताशी. दांडी नको, उडी मारण्यासारखं काही नको.

मलमाबद्दल एक ताकीद. घरात खाज-गजकर्णाची ट्यूब पडलेली असते, तीच लावली जाते. यातल्या बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असतं. त्यानं लाली उतरते, बरं वाटल्यासारखं दिसतं आणि जंतू आत वाढत राहतात. हळदीचा जाड लेपही टाळा. तो वाळून कडक होतो आणि खाली सूज वाढते की उतरते ते दिसत नाही. माणसांच्या उरलेल्या प्रतिजैविक गोळ्या देणं तर साफ चूक. त्या घट्ट गाठीत औषध धड पोचत नाही, आणि अंड्यात मात्र उतरतं. पशुवैद्यकानं औषध दिलं तर किती दिवस अंडी खायची नाहीत हे विचारून भिंतीवर लिहून ठेवा.

सूज तळव्यातून वर बोटांच्या फटीत किंवा नडगीपर्यंत चढली, कोंबडी उभी राहीना, दाणा सोडला, किंवा आठवडाभर नेमानं करूनही गाठ मऊ पडली नाही, तर थांबा. जंतू हाडात किंवा सांध्यात उतरले असू शकतात. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या किंवा 1962 या क्रमांकावर फोन करा.

पाय बरा झाला आणि खुराडं तेच राहिलं, तर गाठ परत येते. आपल्याकडे दोष बहुतेक वेळा दांडीचा असतो. गोल, गुळगुळीत बांबूवर पकड धरण्यासाठी कोंबडी रात्रभर तळवा आवळते आणि बांबूचं पेर नेमकं गादीत रुततं. चार-पाच सेंटिमीटर रुंद, वरून सपाट आणि कडा घासून गोल केलेली लाकडी पट्टी लावा, एका कोंबडीला वीस सेंटिमीटर जागा. उंचीही महत्त्वाची. गावठी कोंबडी हलकी, ती झाडावरून सुद्धा अलगद उतरते. वनराज, गिरिराज यांसारखे भारी पक्षी धप्पकन पडतात, त्यांना दांडी दीड ते दोन फुटांच्या वर नको, आणि उतरतात तिथे उघडा जांभा किंवा सिमेंट नको. तुसाचा तीन बोटं थर घाला.

तो थर कोरडा आहे का हे मुठीत दाबून कळतं. मूठ उघडल्यावर मोकळा झाला तर ठीक, गोळा राहिला तर ओला. पावसाळ्यात ओल्या तुसात कातडी फुगून मऊ पडते, मग बाभळीचा काटा, तारेचा तुकडा, साधी खडीसुद्धा पुरते. पाण्याच्या भांड्याभोवतीचा तूस रोज काढा, बाकीचा तीन दिवसांनी वरखाली करा. ताजा चुना टाकून ओल मारू नका, पाय भाजतात. खाण्यात अ जीवनसत्त्व कमी असेल तर कातडी कमकुवत राहते. फक्त तांदळाच्या कणीवर वाढवलेल्या कोंबड्यांत हे विशेष. शेवग्याचा पाला, लसूण घास, पिवळा मका यांतलं जे मिळेल ते रोज थोडं द्या.

नवी दांडी लावल्यावर पहिल्या रात्री कोंबड्या जुन्या जागी जमिनीवर गर्दी करतील. अंधार पडला की एकेकीला उचलून दांडीवर ठेवा. तीन-चार रात्रींत सवय लागते. नमस्कार.