लेटरहेडची डावी बाजू

(आरोग्य शिक्षणाचं काम करणाऱ्या संस्थांचे विश्वस्त आणि कार्यकर्ते यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेत माझा विषय फार भारदस्त छापलाय. 'आरोग्य शिक्षण संस्थांमधील नेतृत्व आणि तज्ज्ञ सल्लागारांची भूमिका.' मी अशाच एका संस्थेची सोळा वर्षं कार्यवाह होते. कार्यवाह म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. किल्ल्या, व्हाउचरं, इतिवृत्ताची वही आणि ऐन वेळी फोन न उचलणारा मंडपवाला. तेव्हा नेतृत्वाबद्दल मी जे बोलणार ते खालच्या पायरीवरून पाहिलेलं आहे.

आमच्या लेटरहेडपासून सुरुवात करते. उजवीकडे नोंदणी क्रमांक, मधोमध बोधचिन्ह आणि डाव्या बाजूला वरपासून खालपर्यंत नावांची माळ. विश्वस्त पाच, सल्लागार अकरा. नावांपुढच्या पदव्याच एवढ्या की पत्र लिहायला दोन तृतीयांश कागद उरायचा. एकदा निधी देणाऱ्या एका संस्थेच्या बाई भेटीला आल्या. त्यांनी त्या माळेतल्या एका नावावर बोट ठेवून सहज विचारलं, "यांच्याशी शेवटचं बोलणं कधी झालं?" ते गृहस्थ दोन वर्षांपूर्वी वारले होते. लेटरहेड एकदम हजार छापून घेतलेलं, ते संपलं नव्हतं इतकंच.

विश्वस्ताचं असं होत नाही. विश्वस्त गेला किंवा बदलला की नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. सार्वजनिक न्यासांचा १९५० चा कायदा आहे, आणि तिथल्या खेपा तुम्ही सगळ्यांनी घातल्यात. सल्लागाराची मात्र कुठे नोंद नाही, हिशेबावर सही नाही, काही चुकलं तर नोटीस त्याच्या घरी जात नाही. म्हणून हे पद द्यायला सोपं आणि घ्यायलाही सोपं. माझं म्हणणं एवढंच आहे की, ज्याच्या बोलण्याने संस्थेचा एखादा बेत तरी बदलला, त्यालाच सल्लागार म्हणावं. बाकीची नावं शोभेची. शोभेला माझी हरकत नाही, पण शोभा म्हणून ओळखावी.

आता आमची फजिती. जुलाबावर आम्ही भित्तिपत्रक काढलं. मजकूर आमच्या सल्लागार बालरोगतज्ज्ञांनी तपासला, आणि मनापासून तपासला. एक लिटर पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. त्यात चमचा 'चहाचा' आणि 'सपाट' हे दोन शब्द राहिले होते, ते त्यांनी लाल शाईने घातले. मीठ जास्त झालं तर बाळाला अपाय होतो, तेव्हा ती लाल शाई लाखमोलाची होती. वर ठळक मथळा, 'निर्जलीकरण टाळा'. तीन हजार प्रती छापल्या.

पहिली प्रत घेऊन मी एका गावात बचत गटाच्या बैठकीला गेले. समाजमंदिरात पंधरा-वीस बायका. पुढे एक मावशी बसलेल्या, पन्नाशीच्या, गावातली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली. त्यांना वाचता येत नव्हतं. सुनेने मथळा वाचून दाखवला.

"निर्जलीकरण म्हंजी?" मावशींनी विचारलं.

सून दहावी झालेली. तिने विचार करून सांगितलं, "आत्याबाई, निर्जळी उपास असतो ना, तसं काहीतरी. पाणी न घेणं."

"मग हगवणीत पाणी तोडतातच की. ह्यात नवं काय सांगितलं?"

'टाळा' हा शब्द त्या मोठ्या शब्दाखाली चिरडून गेला होता. मी समजावायला लागले तर मावशींनी पुढचं विचारलं, लिटर कशाने मोजायचं? मी म्हटलं, तांब्याने. त्यांनी दोन घरांतून दोन तांबे मागवले आणि माझ्यापुढे ठेवले. एकात दुसऱ्याच्या जवळजवळ दीडपट पाणी मावत होतं. "बिसलेरीची बाटली सांगा की. ती आता घरोघर हाय." मग टाळूवर आल्या. धोक्याच्या लक्षणांत आम्ही 'टाळू खोल जाणे' लिहिलं होतं, आणि ते वैद्यकीयदृष्ट्या अगदी बरोबर होतं. मावशी म्हणाल्या, "टाळू खाली गेली की आमच्यात टाळू भरत्यात. तुम्ही नुसतं एवढंच लिवलं तर बाई तेल घालीत बसंल आन् पोरगं तसंच सुकंल. तेल घाल, पण आधी पाजत ऱ्हा, असं लिवा."

सुकंल. तो शब्द आम्हाला तीन महिन्यांच्या चर्चेत कुणालाही सुचला नव्हता. दुसऱ्या आवृत्तीचा मथळा झाला, 'जुलाबात पोर सुकू देऊ नका, पाजत राहा.' पहिल्या तीन हजारांच्या पाठकोऱ्या बाजूवर आम्ही पुढे वर्षभर इतिवृत्तं लिहिली.

डॉक्टर चुकले होते का? मुळीच नाही. प्रमाण त्यांनाच कळत होतं, आणि मावशींनी प्रमाणाला हातही लावला नाही. आम्ही कार्यालयातले मधले लोक चुकलो. एकाच माणसाला विचारून 'तज्ज्ञांनी तपासलं' असा शिक्का मारून मोकळे झालो.

ही गोष्ट मोठ्या माणसांनी फार आधी ओळखली होती, आणि तीही आपल्याच राज्यात. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य १९७० मध्ये जामखेडला आलं. दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे, पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकलेले. म्हणजे नेते तेच आणि तज्ज्ञही तेच. तसा भाग दुष्काळी, वाहनांची बोंब. त्यांचा मूळ बेत पुस्तकाप्रमाणे सरळ होता, शिकलेल्या परिचारिका गावागावांत ठेवायच्या. तो चालला नाही. शहरात शिकलेली तरुण मुलगी अनोळखी गावात एकटी राहायला बिचकते, आणि गावही तिचं ऐकत नाही. इथे बहुतेक संस्था काय करतात? अहवालात 'आव्हाने' नावाचं प्रकरण घालतात आणि बेत तसाच पुढे रेटतात. आरोळ्यांनी बेत मोडला. गावानेच आपल्यातली एक बाई निवडायची आणि तिला आम्ही शिकवू, असं ठरवलं. निवडून आलेल्यांत कितीतरी दलित होत्या, कितीतरी निरक्षर होत्या. त्या दर आठवड्याला जामखेडला यायच्या, वेगवेगळ्या जातींच्या बायका एका पंगतीत जेवायच्या, एकत्र झोपायच्या. शिकवणं त्या मुक्कामातच व्हायचं. एकीने गावातली अडचण सांगायची, दुसरीने आपला उपाय सांगायचा, डॉक्टरांनी ऐकायचं आणि लागेल तिथे भर घालायची.

जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये जगभरातले मोजके प्रयोग एकत्र मांडले, त्यात जामखेड होतं. तीन वर्षांनी तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या अल्मा-आताला प्राथमिक आरोग्य सेवेचा जाहीरनामा झाला. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे मिळालं. पण मला त्यांच्या नेतृत्वाची खूण पुरस्कारात दिसत नाही. मुक्ताबाई पोळ या तिथल्या आरोग्य कार्यकर्तीला वॉशिंग्टनच्या एका परिषदेत बोलायला उभं केलं गेलं, तिथे दिसते. डॉक्टर म्हणजे महागडं झुंबर आणि आम्ही साधा दिवा, हा तिने दिलेला दाखला तुम्ही अनेक भाषणांत ऐकला असेल, तो पुन्हा रंगवून टाळ्या घेत नाही. माईक कुणाच्या हातात होता तेवढं लक्षात घ्या. आपल्याकडे परदेशचं निमंत्रण आलं की पासपोर्ट कुणाचा निघतो, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे.

गडचिरोलीची तऱ्हा जरा वेगळी. अभय आणि राणी बंग या डॉक्टर दांपत्याने १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था सुरू केली. तिथल्या आदिवासींना दवाखाना कसा हवा हे विचारल्यावर, मोठ्या इमारतीची भीती वाटते, आपल्या घरांसारख्या झोपड्या असाव्यात, नातेवाइकांना रोग्याजवळ राहता यावं, अशी उत्तरं आली. दवाखाना तसा बांधला, आणि नाव पडलं माँ दंतेश्वरी, त्यांच्या देवीचं. हा वास्तुतज्ज्ञाचा सल्ला नव्हता.

पण सर्चकडे दुसऱ्या प्रकारचेही सल्लागार होते, आणि ही बाजू आपण विसरतो. त्यांनी प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू मोजला, आणि ते आकडे जगातल्या सगळ्यात खडूस परीक्षकांपुढे ठेवले. गावातली बाई नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेईल, जंतुसंसर्ग झाला तर इंजेक्शनही देईल, हे तेव्हा बऱ्याच डॉक्टरांना पटण्यासारखं नव्हतं. ३९ गावांत ते करून दाखवलं. तिसऱ्या वर्षी नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, आणि १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. २०११ पासून देशभरातल्या आशा ताया नवजात बाळाच्या घरी भेटी देतात, त्याचं मूळ हे आहे. गावाचं ऐकलं म्हणून काम बरं, असं नुसतं म्हणून भागत नाही. मोजून दाखवावं लागतं, आणि मोजणाऱ्यालाही तपासणारा कुणीतरी लागतो.

त्यांचं एक साधन मला फार आवडतं. न्यूमोनिया ओळखायचा तर बाळाचे श्वास मोजावे लागतात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला साठ किंवा जास्त असतील तर धोका. साठपर्यंत मोजता न येणाऱ्या सुईणीने काय करायचं? तिच्यासाठी मण्यांची पट्टी केली, शेजारी एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ. दहापर्यंत मोजायचं, एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटच्या मण्याला पोचलात तर उपचार सुरू. साठ हा आकडा बालरोगशास्त्राने दिला, मणी सुईणीच्या बोटांमुळे आले. सल्लागार मंडळाची बैठक कशी असावी असं कुणी मला विचारलं तर मी ती पट्टी दाखवीन.

जाता जाता, आरोळे आणि बंग या दोन्ही दांपत्यांचे जॉन्स हॉपकिन्समधले गुरू एकच, डॉ. कार्ल टेलर. जन्म मसुरीचा, पंजाबात नारंगवालला वर्षानुवर्षं खेड्यात काम केलेला माणूस. असा सल्लागार लाभणं नशिबाचा भाग आहे.

आता थोडं कडू. सल्लागार कुणाचा मिंधा आहे हे विचारायला आपण लाजतो. आमच्या एका आहार सल्लागारांनी एकदा अंगणवाडी ताईंसाठी कार्यशाळेचा प्रस्ताव आणला. हॉल, जेवण, पिशव्या, सगळा खर्च बाळाचं डबाबंद अन्न बनवणारी एक कंपनी करणार. अध्यक्षांना आनंद झाला, कारण त्या वर्षी खात्यात खडखडाट होता. आमच्या विश्वस्तांमध्ये एक निवृत्त परिचारिका होत्या, एरवी बैठकीत फारशा न बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "हे कायद्यात बसत नाही." खरंच बसत नव्हतं. १९९२ चा कायदा आहे, २००३ मध्ये आणखी कडक झाला. अशा कंपन्यांना आरोग्य सेवकांच्या कार्यशाळा, परिसंवाद यांना पैसे देता येत नाहीत. त्यानंतर आम्ही एक साधा कागद केला. दर एप्रिलमध्ये प्रत्येक सल्लागाराने लिहून द्यायचं, मानधन आणखी कुठून कुठून मिळतं. दोघांनी कागद भरण्याऐवजी राजीनामा दिला. लेटरहेडवर जागा झाली.

वारसाचा प्रश्न इथे अनेकांच्या मनात आहे, चहाच्या वेळी कानावर आला. जामखेडला आणि गडचिरोलीला पुढची पिढी घरातलीच कामात आहे. ती शिकलेली आहे, राबणारी आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण तुमची-माझी संस्था जामखेड नव्हे. मुलगा परदेशातून आला आणि थेट कार्याध्यक्ष झाला, तर पंधरा वर्षं गावं फिरलेल्या पर्यवेक्षिकेने काय समजायचं? याचं तयार उत्तर माझ्याकडे नाही, आमच्याकडेही ते नीट जमलं नाही.

शेवटी त्या मावशींचं काय झालं ते सांगते. त्यांना आम्ही सल्लागार समितीत घेतलं. दोन विश्वस्तांनी दोन बैठका खाल्ल्या त्यावर, पण घेतलं. पहिल्याच बैठकीला त्या म्हणाल्या, "मंगळवार ठेवू नगा, आमचा बाजार असतो, माझी भाजी कोण इकल?" बारा वर्षांचा मंगळवार मोडून बैठक गुरुवारी गेली. डॉक्टरांपैकी कुणीही तोवर बोललं नव्हतं, पण गुरुवार सगळ्यांनाच सोयीचा निघाला.

बैठक संपल्यावर आमचा हिशेबनीस व्हाउचर घेऊन आला.

"मॅडम, या बाईंचं कुठल्या खात्यात टाकू? लाभार्थी प्रवास खर्च?"

"डॉक्टरांचं कुठे टाकलंस?"

"सल्लागार मानधन."

"मग यांचंही तिथेच."

"आणि रक्कम?"

"तीही तेवढीच."

लेखापरीक्षकांनी वर्षअखेरीला त्यावर शंका काढली, तिला उत्तर दिलं. मावशी पुढच्या दोन बैठकांना आल्याच नाहीत, कांदा काढणीला आला होता. तिसरी बैठक आम्ही कांदा उरकल्यावर ठेवली.