आधी सही, मग शाळा

श्रोतेहो, नमस्कार. आज जायचंय मॉरिशसला. मधुचंद्राच्या जाहिरातीतलं निळं पाणी जरा बाजूला ठेवा, आपल्याला शाळा बघायच्या आहेत. बेट केवढं? आपल्या दोनेक तालुक्यांएवढं. वस्ती साडेबारा लाखांच्या आसपास.

ब्रिटिशांनी १८३४ पासून इथल्या ऊसमळ्यांवर करारबद्ध मजूर नेले, आपण ज्यांना गिरमिटिये म्हणतो ते. सुमारे साडेचार लाख माणसं गेली. भोजपुरी बोलणारे सगळ्यात जास्त, शिवाय तमिळ, तेलुगू, आणि मुंबई बंदरातून गेलेले आपले कोकणातले मराठी लोकसुद्धा. मळेवाल्यांच्या आणि शहरातल्या बड्या घरच्या मुलांसाठी रॉयल कॉलेज होतं. तिथे माध्यमिक शाळेलाच कॉलेज म्हणतात बरं का. तिथे पहिला येणारा सरकारी शिष्यवृत्तीवर विलायतेला जायचा. मजुराचं पोर जायचं उसात.

१९०१ साली आफ्रिकेतून परतताना गांधीजींची बोट तिथे थांबली आणि त्यांचा मुक्काम काही आठवडे लांबला. त्यांनी तिथल्या भारतीयांना सांगितलं, मुलांना शिकवा आणि राजकारणात लक्ष घाला. शिक्षण आणि राजकारण, दोन्ही बरोबर. हे लक्षात असू द्या, कारण मॉरिशसमध्ये शाळा आणि मतपेटी कायम हातात हात घालूनच चालल्या.

आता जे सांगण्यासाठी मी आज इथे बसलोय ते सांगतो.

१९४७ पर्यंत तिथे मताचा अधिकार कुणाला, तर जमीनजुमला किंवा बऱ्यापैकी मिळकत असणाऱ्याला. सगळे मिळून मतदार बारा हजारांच्या आसपास! १९४७ साली नवी राज्यघटना आली आणि अट बदलली. बेटावरच्या कुठल्याही मान्य भाषेत साधी वाक्यं वाचता-लिहिता आली की मत. बाईलाही, पुरुषालाही. इंग्रजी यायला हवी असं नाही, फ्रेंच नाही, हिंदी चालेल, तमिळ चालेल. सरकारला वाटलं असेल, उसातली माणसं कुठली आता या वयात अक्षरं गिरवायला बसतायत?

ती बसली. पंडित वासुदेव विष्णुदयाल म्हणून एक गृहस्थ होते. भारतात शिकून १९३९ साली परत आलेले. जन आंदोलन नावाची त्यांची चळवळ होती, आणि त्यापायी तुरुंगाच्या वाऱ्याही झालेल्या. त्यांनी स्वयंसेवकांची फौज उभी केली आणि गावोगावच्या बैठकांमध्ये वर्ग लावले. बैठका म्हणजे मळ्यांच्या वस्तीतली गवताच्या छपराची जागा. संध्याकाळी लोक जमायचे, रामायण वाचायचे, पोरांना चार अक्षरं शिकवायचे. आता तिथे पोरांच्या जागी त्यांचे आईबाप येऊन बसले. दिवसभर कोयता चालवलेले हात. त्या हातांत पेन्सिल कशी राहत असेल, कल्पना करा. बोटं ताठ, तळव्याला घट्टे. आणि बायका! घरचं रांधून, पोरं झोपवून, मग नावातली अक्षरं घोटायची. काय घोटायचं, तर स्वतःचं नाव. परत परत, स्वतःचं नाव.

मग नोंदणीच्या अधिकाऱ्यापुढे उभं राहायचं, वाचून दाखवायचं, लिहून दाखवायचं. ज्याच्यासमोर आजवर फक्त अंगठा पुढे केला, त्याच्यासमोर सही ठोकायची.

(इथे एक सांगू का? शिकलेल्या लोकांच्या सह्या हल्ली वाचताच येत नाहीत. नुसती नागमोडी रेघ. बँकवाले पुन्हा पुन्हा करायला लावतात, आणि बरोबरच करतात. नाव लिहायला येतं ना, मग लिहा की सरळ! असो.)

ऑगस्ट १९४८ मध्ये निवडणूक झाली. मतदार किती झाले? बारा हजारांचे सत्तर हजारांवर. पुन्हा सांगतो, बारा हजारांचे सत्तर हजारांवर. निवडून द्यायच्या एकोणीस जागा होत्या, त्यांतल्या अकरा भारतीय वंशाच्या उमेदवारांनी जिंकल्या. पंडितजींचे भाऊ सुखदेव विष्णुदयाल त्यांत होते. शिवसागर रामगुलामही होते. हे रामगुलाम लहानपणी अशाच बैठकेत शिकलेले, पुढे लंडनहून डॉक्टर होऊन आलेले. तेच १९६८ साली स्वतंत्र मॉरिशसचे पहिले पंतप्रधान झाले.

पुढचं जरा भराभर सांगतो, कारण घड्याळ माझ्याकडे बघतंय.

प्राथमिक शाळा पसरल्या, पण माध्यमिकला फी होती. सरकारी कॉलेजांत जागा थोड्या, बाकीची पोरं खासगी कॉलेजांत. तिथे फी भरायची आणि वर ना धड प्रयोगशाळा, ना धड शिक्षक. २० मे १९७५ रोजी ही मुलं हजारोंनी रस्त्यावर आली आणि राजधानी पोर्ट लुईच्या दिशेने चालू लागली. वाटेत ग्रँड रिव्हरच्या पुलावर पोलिसांनी अडवलं, अश्रुधूर सोडला. पण त्या पोरांचा धसका सरकारने घेतला. मताचं वय एकवीसवरून अठरावर आलं, आणि डिसेंबर १९७६ च्या निवडणुकीच्या तोंडावर रामगुलामांनी जाहीर केलं: माध्यमिक शिक्षण मोफत. जानेवारी १९७७ पासून ते झालंही. गंमत बघा, एवढं देऊनही त्यांच्या आघाडीला २८ जागा आणि मुख्य विरोधी पक्षाला ३४. दुसऱ्या पक्षाशी जमवून घेऊन खुर्ची कशीबशी राखली. निवडणुकीसाठी दिलं म्हणून नाक मुरडणारे आहेत, पण माझं विचाराल तर फी माफ होणं महत्त्वाचं. हेतू कसला तपासत बसायचं?

सगळं आलबेल नव्हतंच. प्राथमिकच्या शेवटी एक परीक्षा, तिच्या निकालावर चांगलं कॉलेज मिळणार की नाही ते ठरायचं. म्हणजे अकरा वर्षांचं पोर, आणि संध्याकाळी शिकवणी, सुट्टीत शिकवणी. फी माफ झाली, पण तोच पैसा शिकवणीवाल्याकडे गेला. आपल्याकडे काय वेगळं आहे म्हणा! चौकाचौकांत गुणवंतांचे फोटो आणि खाली क्लासचं नाव मोठ्ठ्या अक्षरात. ज्या शाळेत पोर रोज गेलं, तिचं नाव शोधावं लागतं. २०१७ पासून मॉरिशसने ती परीक्षा बदलली आणि नऊ वर्षांचं सलग शिक्षण आणलं. शिकवण्या काही थांबल्या नाहीत.

आणि हो, तिथल्या सरकारी प्राथमिक शाळांत आजही मराठी हा विषय घेता येतो, आणि मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत मराठीचा विभाग आहे. तिकडे फिरायला जाणार असाल तर एखाद दिवस समुद्र सोडून त्या बाजूला जरूर जा.

नमस्कार.