यंत्र येण्याआधी दप्तर उघडा

(फोंडा येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, फोंड्यात बोलायचे म्हणजे एक सोय असते. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला का आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला कशी पोचली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला कधी आली, हे इथे शाळकरी पोरसुद्धा सांगेल. पण देव नदी ओलांडून आले, तेव्हा त्यांची जमीन, त्यांची तळी, त्यांच्या वाटा तिथेच राहिल्या. त्यांचे पुढे काय झाले, हे विचारले की सभागृह गप्प होते. आत्ता झाले तसेच. (हशा)

त्याचे उत्तर लिहून ठेवलेले आहे, आणि कुठलेही बांधकाम सुरू होण्याआधी जुने दप्तर पाहावे, हे माझे सगळे म्हणणे त्यातूनच निघते. १५६७ साली पोर्तुगीजांनी दक्षिण गोव्यातल्या सासष्टीतली देवळे पाडली. त्याच सुमारास तिथला फोराल तयार झाला. कुठल्या गावात कुठल्या देवाची कुठली जमीन, त्यावर उत्पन्न किती, अशी ही नोंद. ते उत्पन्न चर्चच्या कामाला लावायचे होते, म्हणून नोंद करणाऱ्याने बांधसुद्धा सोडला नाही. मोडणाऱ्यांनीच यादी करून ठेवली, आणि साडेचारशे वर्षांनी आपल्याला ती उघडायला वेळ नाही.

आता सासष्टीतल्याच एका गावाची गोष्ट सांगतो. रस्ता रुंद करायचा होता. प्रकल्प-अहवाल मी मागून घेतला. वारसा या मथळ्याखाली एकच ओळ: ‘परिसरात ऐतिहासिक वा सांस्कृतिक महत्त्वाचे स्थळ नाही.’ संबंधित कार्यालयात जाऊन मी विचारले, हे ठरवायला काय पाहिले? साहेब सज्जन होते, चहा दिला. म्हणाले, संरक्षित स्मारकांची यादी पाहिली, त्यात हा गाव नाही. मी म्हटले, राज्याच्या यादीत ५१ स्मारके आहेत. गोव्यात जुने ते तेवढेच काय? ते म्हणाले, आम्हाला तेवढेच बघायला सांगितलेले आहे. त्यांनी खरे तेच सांगितले, आणि दुखणे नेमके तिथेच आहे.

मग मी पणजीला पुराभिलेखागारात बसलो. जमीन नोंदणीच्या जुन्या पोर्तुगीज पुस्तकांत प्रत्येक मिळकतीच्या चतुःसीमा लिहिलेल्या असतात. रस्त्याच्या वाटेतल्या भाटाच्या, म्हणजे बागायतीच्या, सीमा अशा: एका बाजूला कोमुनिदादीचे, म्हणजे गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेचे, शेत, दुसरीला पायवाट, तिसरीला जुन्या देवळाची तळी. तळी! नकाशावर तिथे नुसती पडीक जमीन दाखवली होती. नक्कल हातात पडून मी गावात पोचेपर्यंत तिथे मातीचा भराव पडला होता. गटाराच्या चरात घडीव चिऱ्यांच्या पायऱ्या निघाल्या, त्याही ट्रकात भरून गेल्या. बांधावर उभे असलेले एक म्हातारे गांवकार म्हणाले, “आमी सांगिल्लें, पूण आयकतलो कोण?” त्या तळीचे पाणी आजूबाजूच्या विहिरींना पुरायचे, हेही त्यांनीच सांगितले. ते कुठल्याच पुस्तकात नव्हते.

मला राग येतो तो यासाठी की हे अडाणी मुलखात घडत नाही. गोव्यात १५९५ साली दियोगु दो कोउतो या पोर्तुगीज इतिहासकाराच्या हाती दप्तरखाना सोपवला गेला. इतिहाससंशोधक पांडुरंग पिसुर्लेकरांनी आयुष्य घालून तो लावला आणि १९५५ साली त्याची मार्गदर्शिका छापून ठेवली. कुठल्या कपाटात काय आहे, हे माहीत नाही असे म्हणायला आपल्याला जागाच ठेवलेली नाही.

आणि वेळेवर माहीत असले की काय होते, तेही आपण पाहिले आहे. साळावली धरणात कुर्डी गाव बुडाले, गायिका मोगूबाई कुर्डीकरांची कुर्डी. पण तिथले महादेवाचे देऊळ आधीपासून ठाऊक होते, म्हणून ते दगड दगड सोडवून दुसरीकडे उभे करता आले.

चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटे. मुख्य मुद्दा अजून व्हायचाच आहे, तर भरभर बोलतो.

पर्यावरण परवानगीच्या २००६ च्या अधिसूचनेतला अर्ज पंधरा किलोमीटरच्या आतली सांस्कृतिक मोलाची क्षेत्रे विचारतो, पण कायद्याने संरक्षित असलेली. राज्याचा १९७८ चा कायदाही जाहीर झालेल्या स्मारकांनाच हात देतो. आणि गावातले छोटे रस्ते, भूखंड पाडणे, शेतात भराव घालणे, हे बहुतेक वेळा त्या अर्जापर्यंत जातच नाही. म्हणून माझी मागणी अशी की परवानगीच्या फाइलीत पहिला कागद दप्तर-तपासणीचा असावा. फोराल, कोमुनिदादीची पुस्तके, देवस्थानाची महाजनी दप्तरे, जमीन नोंदणी, जुने कादास्त्र, म्हणजे जमीन-मोजणीचे, नकाशे, एक-चौदाचा उतारा, म्हणजे आपला सातबारा, एवढे तरी पाहिलेच पाहिजे. आणि ‘काही नाही’ असे लिहायचे असेल, तर कोणती पुस्तके उघडली, कोणी वाचली आणि कधी, हे सहीनिशी लिहा. न वाचता लिहिलेले ‘नाही’ ग्रामसभेने स्वीकारू नये.

कागदात सगळे सापडत नाही, हे मान्य. कुशावतीकाठची उसगाळीमळची कातळचित्रे कुठल्याही फोरालात नव्हती. १९९३ साली गावच्या लोकांनी नेऊन दाखवली, तेव्हा ती अभ्यासकांना दिसली. म्हणून क्रम असा हवा: आधी दप्तर, मग गावातल्या जाणत्यांबरोबर पायी फेरी, आणि यंत्र त्यानंतर.

शेवटची अडचण वाचणाऱ्यांची. या दप्तरात पोर्तुगीज आहे, मोडी आहे, गोंयकानडी ही गोव्याची जुनी लिपी आहे. आज इथे पोर्तुगीज वाचणारे किती? हात वर करा. बरेच आहेत, छान. मोडी? चार-पाच. गोंयकानडी? कोणीच नाही. दाराशी टेबलावर वही ठेवली आहे. ज्यांनी हात वर केले त्यांनी नाव आणि गाव लिहून जावे. शिकायची तयारी असलेल्या तरुण मुलांनीही लिहावे. सुरुवात आपापल्या गावाच्या दप्तरापासून करू.